महसूल गुप्तचर संचालनालय : समुद्रापासून शिवारापर्यंत

करमाडच्या स्मरणिकेत दिल्लीला मुख्यालय असलेल्या एका केंद्रीय संस्थेचा इतिहास कशाला, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, देशाची सरहद्द त्याहून दूर. आपल्याला माहीत असलेले पोलीस म्हणजे करमाड ठाण्याचे आणि आपल्याला माहीत असलेली तपासणी म्हणजे जालना रोडवरची.

ऑक्टोबर २०२३मध्ये हा समज मोडला. महसूल गुप्तचर संचालनालय, म्हणजे वर्तमानपत्रांतले 'डीआरआय', आणि अहमदाबाद शहर पोलिसांची गुन्हे शाखा यांच्या पथकांनी छत्रपती संभाजीनगरातल्या एका घरावर आणि पैठण एमआयडीसीतल्या एका कारखान्यावर छापे घातले. घरात सुमारे २३ किलो कोकेन, २.९ किलो मेफेड्रोन आणि ३० लाख रुपयांची रोकड निघाली. कारखान्यात मेफेड्रोन, केटामाइन आणि मेफेड्रोनचे आणखी ९ किलोंहून अधिक मिश्रण मिळाले. सगळ्याची किंमत अडीचशे कोटींच्या वर सांगितली गेली. काही दिवसांतच पैठणच्याच दुसऱ्या एका कारखान्यातून १०७ लिटर द्रवरूप मेफेड्रोन जप्त झाले. माहिती गुजरातेतून आलेली, छापा मराठवाड्यात आणि कारवाई करणारे खाते मूळचे बंदरावरचे. नाथांच्या पैठणात हे कसे घडले, यावर गावोगावच्या पारांवर बरीच चर्चा झाली. हे खाते आले कुठून, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. ती इथे करू.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात आयातीवर कडक निर्बंध होते. परदेशात स्वस्त आणि इथे महाग असलेले सोने चोरवाटेने येणे मग ओघानेच आले. १९५३ साली केंद्रीय महसूल मंडळाच्या हाताखाली एक छोटा गुप्तवार्ता विभाग सुरू झाला. त्याचेच रूपांतर होऊन ४ डिसेंबर १९५७ रोजी महसूल गुप्तचर संचालनालय स्थापन झाले. त्या वेळी हाताशी असलेला कायदा होता १८७८चा सागरी सीमाशुल्क कायदा. त्याच्या नावातच समुद्र होता. आज लागू असलेला सीमाशुल्क कायदा १९६२चा.

पहिली दोन-तीन दशके संस्थेचे लक्ष मुंबई आणि पश्चिम किनाऱ्यावर खिळलेले होते. दुबईहून गलबते निघत. माल कोकणातल्या एखाद्या खाडीत किंवा दमणच्या बाजूला उतरे. दहा तोळ्यांची बिस्किटे शिवलेल्या कप्प्यांच्या जाकिटांतून अंगावर वाहून नेली जात. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा झाला, १९७४ साली तस्करांना स्थानबद्ध करता येणारा 'कोफेपोसा' कायदा आला, १९७६ साली तस्करांच्या मालमत्तेवर टाच आणणारा कायदा झाला. आणीबाणीत मुंबईचे नामांकित तस्कर तुरुंगात गेले. हिंदी सिनेमाने त्यांना नायक केले आणि पकडणाऱ्यांची नावे कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. गुप्तवार्तेच्या कामात हे एका परीने बरेच.

या काळाची एक काळी बाजूही आहे आणि गौरवाच्या लेखातूनही ती वगळू नये. सोन्या-चांदीसाठी रुळलेल्या वाटांनीच १९९३च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी इथे स्फोटके उतरली. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. पुढे विशेष टाडा न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत सीमाशुल्क खात्याचे अधिकारीही होते. सोन्याकडे कानाडोळा करणाऱ्याला पेटीत पुढच्या खेपेस काय येईल, हे ठरवता येत नाही. सोन्याची आयात १९९०च्या दशकात खुली झाल्यावर त्या धंद्यातला नफा घटला. वाटा मात्र शिल्लक राहिल्या. माणसे आणि हवालाही राहिला.

अमली पदार्थांचे प्रकरण त्याआधीच सुरू झाले होते. १९७९मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तिकडच्या हेरॉइनच्या वाटा बदलल्या. पश्चिमेला अफगाणिस्तान-पाकिस्तान, पूर्वेला म्यानमार-लाओस-थायलंड आणि मधे आपण. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत 'गर्द' हा शब्द घरोघरी पोचला. भारताने अमली पदार्थ विरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, १९८५ साली केला. तो त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. १७ मार्च १९८६ रोजी नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो स्थापन झाला आणि त्याच वर्षी २९ ऑगस्टला पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अनिल अवचटांच्या लेखनाने आणि पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ते उभे राहिले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पकडणारी आणि सावरणारी अशा दोन्ही संस्थांचे जन्मवर्ष एकच. सरकारी इतिहासांत दुसरीचा उल्लेख सहसा येत नाही.

एनडीपीएस कायद्याने तपासाचे अधिकार एकाच खात्याकडे ठेवले नाहीत. राज्य पोलीस, ब्युरो, सीमाशुल्क, डीआरआय, अफूच्या अधिकृत लागवडीवर देखरेख ठेवणारा ग्वाल्हेरचा केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो, सगळ्यांना ते मिळाले. याचा फायदा असा की एकाचे डोळे मिटले तरी दुसऱ्याचे उघडे राहतात. तोटा असा की श्रेयासाठी माहिती दडवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. संभाजीनगरच्या कारवाईत एका राज्याच्या पोलिसांनी केंद्रीय खात्याला माहिती दिली आणि दोघे मिळून दुसऱ्याच राज्यात उतरले, हे म्हणूनच नोंद घेण्याजोगे आहे. असे नेहमी होत नाही.

डीआरआयचा महाराष्ट्रातला मोठा व्याप मुंबई विभागीय कार्यालयाचा. गेल्या काही वर्षांतल्या त्याच्या जप्त्या पाहिल्या की कंटेनरचे युग काय असते ते कळते. ऑगस्ट २०२०मध्ये न्हावाशेवा बंदरात १९१ किलो हेरॉइन मिळाले. अफगाणिस्तानातून इराणमार्गे आलेल्या या मालाची कागदोपत्री नोंद आयुर्वेदिक औषधाची, म्हणजे ज्येष्ठमधाची होती आणि हेरॉइन बांबूसारख्या रंगवलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत भरलेले होते. जुलै २०२१मध्ये त्याच बंदरात सुमारे २९३ किलो सापडले. सप्टेंबर २०२१मध्ये गुजरातेत मुंद्रा इथे टाल्कच्या नावाखाली आलेले २९८८ किलो हेरॉइन डीआरआयनेच पकडले. ऑक्टोबर २०२२मध्ये वाशीत संत्र्यांच्या ट्रकमधून १९८ किलो मेथाम्फेटामाइन आणि ९ किलो कोकेन बाहेर पडले. संत्री दक्षिण आफ्रिकेतून आयात केलेली होती. पाठोपाठ सफरचंद आणि पेअरच्या कंटेनरमध्ये ५० किलो कोकेन.

लाखो कंटेनरांतून नेमका तोच कसा उघडला जातो? रोज येणारा प्रत्येक कंटेनर फोडून पाहिला तर बंदर दोन दिवसांत तुंबेल. म्हणून सगळी मदार कागदांवर आणि परदेशातून येणाऱ्या खबरीवर असते. आयातदार नवा आहे का, ज्या मालात नफा नाही तो माल तो इतक्या लांबून का मागवतोय, जहाजाने वाटेत बंदर का बदलले, अशा प्रश्नांतून संशय तयार होतो. काही भारतीय वकिलातींत सीमाशुल्क खात्याचे गुप्तवार्ता अधिकारी नेमलेले असतात. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेचा भारत १९७१पासून सदस्य आहे. तिच्या विभागीय माहिती केंद्रांतून एका देशात सापडलेली लपवण्याची युक्ती इतर देशांच्या टेबलावर पोचते. अनेक देशांशी सीमाशुल्कविषयक परस्पर साहाय्याचे करार आहेत.

सहकार्याचे सर्वांत धीराचे रूप म्हणजे 'नियंत्रित वितरण'. माल ओळखला तरी लगेच पकडायचा नाही. डोळ्यांआड होऊ न देता तो पुढे जाऊ द्यायचा आणि घेणारा हात पुढे आला की धरायचा. यासाठी एनडीपीएस कायद्यात २००१ साली स्वतंत्र कलम घातले गेले. हे दोन देशांत करायचे तर दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास हवा. तो करारावर सही केली म्हणून येत नाही. एकमेकांना चेहऱ्याने ओळखणारी माणसे लागतात. म्हणूनच डीआरआय आपल्या स्थापनादिनाच्या सुमारास आशिया-पॅसिफिक देशांच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांची बैठक भरवत आले आहे. डिसेंबर २०२२मध्ये दिल्लीत अशी आठवी बैठक झाली. ३० ऑक्टोबर २०२३पासून तर दिल्लीत अंमलबजावणीतील सहकार्यावरची जागतिक परिषदच भरली होती. तारीख पाहा. पैठणच्या छाप्यांना तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते.

आता कथा किनारा सोडून आत वळते आणि आपल्या कामाची होते.

पूर्वी आपल्याकडचा प्रश्न बाहेरून येणाऱ्या मालाचा होता. रासायनिक नशेने हे चित्र उलटवले. मँड्रेक्स नावाच्या नशेच्या गोळ्यांतला मेथाक्वालोन हा पदार्थ मुळात १९५१ साली भारतीय संशोधकांनीच मलेरियावरील औषधाच्या शोधात तयार केला होता. पुढे त्याच गोळ्या चोरून दक्षिण आफ्रिकेला जाऊ लागल्या. ऑक्टोबर २०१६च्या अखेरीस डीआरआयने उदयपूरजवळ साडेतेवीस टन मँड्रेक्स जप्त केले. इतका माल गलबतातून उतरत नाही, तो कारखान्यात तयार होतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीत ठाणे पोलिसांना साडेअठरा टन एफेड्रिन मिळाले. ही कारवाई डीआरआयची नव्हे. तरी इथे ती सविस्तर सांगायला हवी, कारण सरहद्दीपलीकडचे सहकार्य म्हणजे काय हे महाराष्ट्राला तिने दाखवले. एफेड्रिन हे खोकला-दम्याच्या औषधांत लागणारे रसायन आहे आणि मेथाम्फेटामाइनचा कच्चा मालही तेच आहे. ठाण्यात हाती लागलेल्या थोड्याशा पावडरीचा माग काढत पोलीस सोलापुरात पोचले. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे अधिकारी ठाण्याला आले, कारण ते ज्या टोळीच्या मागावर होते तिचे एक टोक सोलापुरात निघाले होते. केनियातल्या मोम्बासा शहरात नोव्हेंबर २०१४मध्ये त्या टोळीतले आकाशा बंधू आणि त्यांचा भारतीय साथीदार विकी गोस्वामी यांना अटक झालेली होती. अमेरिकी फिर्यादीनुसार सोलापूरचे एफेड्रिन आफ्रिकेत नेऊन तिथे मेथाम्फेटामाइन करण्याचा बेत होता. जानेवारी २०१७मध्ये केनियाने त्यांना अमेरिकेच्या ताब्यात दिले. भावांनी गुन्हा कबूल केला आणि न्यूयॉर्कच्या न्यायालयाने थोरल्या भावाला २०१९ साली २५ वर्षांची, धाकट्याला २०२० साली २३ वर्षांची शिक्षा सुनावली.

माळरानावरची एक शेड, ठाण्यातला एक पोलीस अधिकारी, मोम्बासातले एक घर आणि न्यूयॉर्कचे न्यायालय या चार ठिकाणांचा एकच खटला होऊ शकतो. चिंचोलीला हे घडले तेव्हा मराठवाड्याने ती सोलापूरची बातमी म्हणून वाचली. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतून मोठा साठा जप्त केला आणि तपासाचे धागे थेट लंडनपर्यंत गेले. यादी वाढवण्यात अर्थ नाही. या सगळ्या जागा औद्योगिक पट्ट्यांतल्या आहेत.

मेफेड्रोन, म्हणजे पोरांच्या भाषेतले 'एमडी', फेब्रुवारी २०१५पर्यंत एनडीपीएसच्या यादीतच नव्हते. त्याआधी ते विकणाऱ्याला या कायद्याखाली धरता येत नसे. आज त्याचे ५० ग्रॅम म्हणजे व्यापारी प्रमाण धरले जाते आणि शिक्षा दहा ते वीस वर्षांची आहे. ५० ग्रॅम मुठीत मावतात. ज्या शेडमध्ये ते किलोंनी तयार होते तिथला हेल्परही या कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो, हे आपल्या भागातल्या कामगारांना कोणीतरी सांगायला हवे.

पथकाने कारखाना शोधला, पंचनामा झाला, छायाचित्रे छापून आली, की लोकांच्या लेखी काम संपते. खरे काम तिथून सुरू होते आणि प्रशिक्षणाची गरज तिथेच लागते. मिळालेली खबर आधी लिहून काढायची आणि ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवायची. सूर्यास्तानंतर विना वॉरंट शिरायचे तर कारण नोंदवायचे. अंगझडती घ्यायची तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे, हे त्या माणसाला सांगायचे. जप्त मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे. यातली एक पायरी चुकली तरी टनावारी जप्तीचा खटला कोसळू शकतो. तोफान सिंग खटल्यात २९ ऑक्टोबर २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की या कायद्याखाली तपास करणारे अधिकारी पोलीसच मानले जातील आणि त्यांच्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. जबाबावर विसंबण्याची जुनी सवय त्या दिवशी निकामी झाली. माझ्या मते हा निकाल तपासाच्या हिताचाच ठरला. आता फोनच्या नोंदी, बँकेचे व्यवहार, प्रयोगशाळेचे अहवाल आणि वाहतुकीच्या पावत्या यांच्यावर खटला उभा करावा लागतो.

खुद्द डीआरआयलाही न्यायालयाचा फटका बसला होता. मार्च २०२१मध्ये कॅनन इंडिया खटल्यात त्याच्या अधिकाऱ्यांचा शुल्कवसुलीच्या नोटिसा काढण्याचा अधिकारच सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. ७ नोव्हेंबर २०२४च्या पुनर्विलोकनात तो परत मिळाला. हा वाद कराचा होता, अमली पदार्थांचा नव्हे. तरी साठी उलटलेल्या संस्थेला आपले अधिकार नव्याने सिद्ध करावे लागले, हे इतिहासात नोंदवले पाहिजे.

अधिकाऱ्यांना शिकवण्याचे काम सीमाशुल्क, अप्रत्यक्ष कर आणि अमली पदार्थविषयक राष्ट्रीय अकादमीचे, म्हणजे 'नासिन'चे. तिचे नवे मोठे संकुल आंध्रात पालसमुद्रम इथे १६ जानेवारी २०२४ला सुरू झाले. जागतिक सीमाशुल्क संघटनेने तिला विभागीय प्रशिक्षण केंद्राचा दर्जा दिलेला असल्याने इतर देशांचे अधिकारीही तिथे शिकायला येतात. वास काढणारे श्वान तयार करण्यासाठी २०२०पासून अटारीला स्वतंत्र केंद्र आहे. अभ्यासक्रमात कायदा आणि क्ष-किरण प्रतिमा वाचणे येतेच. माझा आग्रह रसायनशास्त्राचा राहील. रिअॅक्टर चालू असलेल्या शेडमध्ये शिरणाऱ्या पथकाला समोरच्या ड्रममध्ये काय आहे हे कळले नाही, तर पुरावाही जाईल आणि जीवही. गलबतांच्या काळातल्या अधिकाऱ्याला भरती-ओहोटी कळावी लागे, आजच्याला द्रावकांचा वास ओळखता आला पाहिजे.

एक अडचण मात्र कोणतीही अकादमी सोडवू शकलेली नाही. डीआरआयचे अधिकारी सीमाशुल्क आणि जीएसटी खात्यांतून काही वर्षांसाठी येतात. खबऱ्यांची साखळी जमते, परदेशी सहकाऱ्यांची ओळख होते, रसायनांची नावे तोंडी बसतात, आणि बदलीचा आदेश येतो. नवा माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर. अनुभव फायलीत बांधून ठेवता येत नाही. विशिष्ट कामात मुरलेल्यांना तिथेच राहू देण्याची सोय झाल्याखेरीज परिषदा आणि करार यांचा निम्मा उपयोग वाया जाणार.

आता आपल्या शिवाराकडे. करमाड, लाडगाव, कुंभेफळच्या जमिनींवर ऑरिक हे औद्योगिक शहर वसले. सप्टेंबर २०१९मध्ये ऑरिक हॉलचे उद्घाटन झाले. शेंद्र्याची जुनी एमआयडीसी आहेच, समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, माळीवाड्याला कंटेनर डेपो आहे. मांगीरबाबाच्या जत्रेला बैलगाड्यांनी जाणारा हा भाग आता जगाच्या मालवाहतुकीला जोडला गेला आहे. शेंद्र्यातून निघणारा कंटेनर इथेच सील होऊन थेट बंदरात पोचतो. कायद्याच्या दृष्टीने सरहद्दीची सुरुवात त्या सीलपासून होते आणि तस्करालाही हे ठाऊक आहे.

इथले बहुतेक सगळे कारखाने सचोटीने चालतात आणि संशयाने कोणाकडे पाहावे असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण काही गोष्टी शेजाऱ्यालाच आधी दिसतात. बंद पडलेली शेड भाड्याने जाते आणि फलक लागत नाही. काम रात्रीच चालते. द्रावकांचे ड्रम येतात, तयार माल कुठला ते कोणाला माहीत नसते. दुपटीने भाडे रोख मिळते. शेड भाड्याने देणाऱ्या उद्योजकांनी भाडेकरूचा परवाना आणि उत्पादन पाहूनच करार करावा. ट्रान्सपोर्टवाल्यांनी बिलाशी न जुळणारा माल चढवू नये. कामगारांनी काय ढवळतोय हे विचारायला घाबरू नये. शंका आली तर ठाण्यात सांगावे. ते अवघड वाटले तर जुलै २०२४पासून नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोची 'मानस' ही मदतवाहिनी सुरू आहे. तिचा क्रमांक १९३३ असून ती चोवीस तास चालते. हा क्रमांक प्रत्येक कारखान्याच्या गेटवर, सुरक्षा रक्षकाच्या टेबलासमोर लिहून लावावा, ही करमाड-शेंद्रा परिसरातल्या सर्व उद्योजकांना विनंती.